जुन्याच्या शेजारी नव्याची बैठक

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत कार्यक्रमपत्रिका हाती पडली की अनेक श्रोत्यांची नजर नकळत एका ठिकाणी अडखळते. पहिल्या ओळीत हायडन, १७३२-१८०९. शेवटच्या ओळीत शुबर्ट, १७९७-१८२८. आणि या दोहोंच्या मधोमध एक अपरिचित नाव, ज्याच्यापुढे केवळ जन्माचे साल आणि एक आडवी रेघ असते. रेघेपुढची जागा कोरी. रचनाकार हयात आहे, आणि मध्यंतरापूर्वी वाजणार आहे ते ‘नवे’ आहे, एवढा बोध त्या कोऱ्या जागेतून होतो. मग काही जण रचनेपुढे छापलेली मिनिटे पाहतात. अठरा मिनिटे असतील तर ती निभावून नेता येतील, असा हिशेब मनात होतो. दिवे मंदावतात, चार वादक येऊन बसतात आणि मैफल सुरू होते.

स्ट्रिंग क्वार्टेटच्या मैफलीची ही मांडणी जगभर इतकी रूढ झाली आहे की इंग्रजीभाषक संगीतवर्तुळात तिला थट्टेने ‘सँडविच’ म्हणतात. आरंभी अठराव्या शतकातील एखादी प्रसन्न रचना, मग नवी रचना, मध्यंतर आणि शेवटी बीथोव्हेन, शुबर्ट किंवा ब्राम्स यांचा भारदस्त ठेवा. नव्या रचनेची जागाही विचारपूर्वक ठरवलेली असते. ती आरंभी ठेवली तर श्रोते उशिरा येतात, शेवटी ठेवली तर लवकर उठून जातात. मधोमध ठेवली की सुटका नाही! ही युक्ती व्यवहाराला धरून असली तरी तिच्यात एक अप्रिय कबुली दडलेली आहे. नवे संगीत हे औषध असून ते गोड पदार्थात लपवूनच द्यावे लागते, असे आयोजकाने जणू मान्यच केलेले असते. गेल्या काही दशकांत मात्र अनेक क्वार्टेटनी ही कबुली नाकारली. नवे आणि जुने एकमेकांशेजारी ठेवायचे ते सक्तीपोटी नव्हे, तर एकाने दुसऱ्याचा अर्थ उलगडावा म्हणून, ही त्यांची भूमिका आहे. ती समजून घ्यायची तर या प्रकाराच्या घडणीकडे थोडे पाहावे लागेल.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. चार वाद्ये, सोळा तारा. समोर छडी हलवणारा कंडक्टर नाही. सुरुवात कोणी करायची, गती कुठे सैल सोडायची, स्वर किती वेळ धरायचा, हे सारे श्वासाच्या आणि नजरेच्या इशाऱ्यावर ठरते. या वाद्यांवर पियानोसारख्या पक्क्या पट्ट्या नाहीत किंवा गिटारसारखे पडदे नाहीत. त्यामुळे प्रत्येक स्वरमेळ चौघांना त्या क्षणी कानाने जुळवून घ्यावा लागतो. एकाच नावाचा स्वर एका ठिकाणी किंचित चढा तर दुसऱ्या ठिकाणी किंचित उतरता लावावा लागतो. श्रुतींची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी रसिकाला हे सांगण्याची गरज नाही. एवढ्या सूक्ष्म जुळणीमुळेच क्वार्टेट हा रचनाकाराच्या दृष्टीने अत्यंत उघडा प्रकार ठरतो. साठ-सत्तर वादकांच्या ऑर्केस्ट्रात एखादी कच्ची कल्पना रंगांच्या गर्दीत खपून जाते. चार तंतुवाद्यांत ती लगेच उघडी पडते. म्हणूनच हायडनपासून आजपर्यंत ज्याला संगीतात काही नवे करून पाहायचे होते, तो बहुधा या चार खुर्च्यांकडे वळला.

हायडनकडे हा प्रकार आला तोच मुळी योगायोगाने. १७५०च्या दशकात व्हिएन्नाबाहेर फ्युर्नबर्ग नावाच्या एका सरदाराच्या वाड्यावर वाजवू शकणारी चार माणसे उपलब्ध होती. एक धर्मोपदेशक, एक कारभारी, एक चेलोवादक आणि स्वतः तरुण हायडन. त्यांच्यासाठी त्याने काही लिहावे, अशी फर्माईश झाली. पुढे आयुष्यभरात त्याने सत्तरच्या आसपास क्वार्टेट रचले. १७८१ मधील सहा क्वार्टेटची जाहिरात करताना, हे अगदी नव्या आणि खास पद्धतीने लिहिले आहेत, असे त्याने आश्रयदात्यांना कळवले होते. नवेपणाची ही हमी जाहिरातीत द्यावीशी वाटावी, यातच तो काळ किती वेगळा होता ते दिसते. त्या मैफलींत ‘जुने’ असे काही नव्हतेच. मोझार्टने १७८५ मध्ये हायडनला सहा क्वार्टेट अर्पण केले. त्यांपैकी शेवटच्याचा आरंभ इतका विसंवादी वाटला की छपाईत चुका झाल्या आहेत असे समजून इटलीतून त्याच्या प्रती परत आल्या, अशी आख्यायिका आहे. आज याच रचनेला सँडविचमधील ‘गोड’ जागा मिळते.

बीथोव्हेनच्या वाट्याला तर श्रोत्यांचा नकार थेट आला. इग्नात्स शुपान्झिग या व्हायोलिनवादकाने १८०४-०५ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात वर्गणी घेऊन क्वार्टेटच्या जाहीर मैफली सुरू केल्या. सरदारांच्या दिवाणखान्यातले संगीत प्रथमच तिकीट काढणाऱ्या श्रोत्यांपुढे आले. याच शुपान्झिगच्या चमूने २१ मार्च १८२६ रोजी बीथोव्हेनचा ऑपस १३० हा क्वार्टेट वाजवला. श्रोत्यांनी मधले दोन हलके भाग पुन्हा वाजवायला लावले. मात्र शेवटची प्रचंड, उग्र फ्यूग कोणालाच झेपली नाही. अखेर प्रकाशक मातियास आर्तारिया याने शेवट बदलून देण्याची विनंती केली. कोणाचेही न ऐकणाऱ्या बीथोव्हेनने ती चक्क मान्य केली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात नवा, सौम्य शेवट लिहून दिला. मूळ फ्यूग ‘ग्रोसं फुगं’ या नावाने स्वतंत्र छापली गेली आणि एकोणिसाव्या शतकात क्वचितच वाजवली गेली. आज अनेक क्वार्टेट ऑपस १३० चा शेवट पुन्हा या फ्यूगनेच करतात. श्रोत्यांच्या एका संध्याकाळच्या नापसंतीने एका महान रचनेचा आकार बदलला आणि तो पूर्ववत व्हायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. नव्या रचनेची मिनिटे मोजणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा आठवून पाहावे.

श्रोता बदलतो, मैफल बदलते

बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर चित्र पालटले. लंडनमध्ये १८४५ साली ‘बीथोव्हेन क्वार्टेट सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या प्रत्येक मैफलीत बीथोव्हेनच्या आरंभीच्या, मधल्या आणि अखेरच्या काळातील प्रत्येकी एक क्वार्टेट वाजवला जाई. एकाच रचनाकाराचे तीन काळ शेजारी ठेवून ऐकवणे हा मांडणीचा मोठा शोध होता. जे शेवटचे क्वार्टेट दुर्बोध ठरले होते, त्यांच्याकडे जाण्याची वाट पहिल्या क्वार्टेटनी दाखवली. त्याच वर्षी जॉन एला याने सुरू केलेल्या ‘म्युझिकल युनियन’मध्ये वादक दालनाच्या मध्यभागी बसत. श्रोत्यांना रचनेचे विवरण छापून आधीच पाठवले जाई. आजच्या कार्यक्रमपत्रिकांतील टिपणांचा उगम बराचसा तेथे आहे.

याची दुसरी बाजूही होती. श्रोता शांत, अभ्यासू आणि भाविक झाला. रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवणे असभ्य ठरू लागले. वस्तुतः व्हिएन्नात १८२६ मध्ये श्रोत्यांनी मधल्या भागांना ‘वन्स मोअर’ दिला होता, म्हणजे हा नियम संगीताइतका जुना मुळीच नाही. आपल्याकडे चांगली जागा गेली की दाद उमटते आणि वादकालाही ती हवी असते. ती सवय घेऊन क्वार्टेटच्या मैफलीला जाणाऱ्या मराठी श्रोत्याला तेथील शांतता जड वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. या भाविकतेतून प्रमाणग्रंथांसारखी रचनांची एक यादी तयार झाली आणि हयात रचनाकाराला प्रथमच मृतांशी स्पर्धा करावी लागली.

१९०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबर्गचा दुसरा क्वार्टेट रोझे क्वार्टेटने सादर केला, तेव्हा सभागृहात हशा आणि गोंधळ झाला. शोनबर्गने त्याचा धडा आपल्या पद्धतीने घेतला. १९१८ मध्ये त्याने नव्या संगीतासाठी एक खासगी संस्था काढली. तेथे समीक्षकांना प्रवेश नव्हता, टाळ्यांना बंदी होती आणि त्या दिवशी काय वाजणार हे आधी सांगितले जात नसे. अवघड रचना पुन:पुन्हा वाजवली जाई. नव्या संगीताला एकदा ऐकून निकाल देणे अन्यायाचे आहे, हे त्यामागील तत्त्व बरोबरच होते. पण दारे लावून घेतल्यावर आत उरतात ते आधीच पटलेले लोक. विसाव्या शतकात नवे संगीत आणि सामान्य श्रोता यांच्यात जी फारकत झाली, तिला दोन्ही बाजूंनी हातभार लागला, असेच म्हणावे लागेल.

मृत्यू, मुलगी आणि काचेचे पेले

ही फारकत मिटवण्याचा एक मार्ग एका रचनेच्या पोटातच सापडतो. अमेरिकन रचनाकार जॉर्ज क्रम यांनी १९७० मध्ये ‘ब्लॅक एंजल्स’ हा क्वार्टेट लिहिला. हस्तलिखितावर त्यांनी शुक्रवार, १३ मार्च १९७० अशी तारीख घातली आणि ‘युद्धकाळात’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द लिहिले. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा पेटलेले होते. या रचनेत वाद्यांचा आवाज विजेच्या साह्याने वाढवलेला असतो, त्यामुळे तारेवर गज घासल्याची बारीकशी करकरही अंगावर येते. वादक निरनिराळ्या भाषांत आकडे पुटपुटतात, घंटेसारखी मोठी थाळी वाजवतात आणि पाण्याने सुरात लावलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरून गज फिरवतात. आपल्या जलतरंगाचा हा दूरचा नातलग म्हणता येईल. फरक एवढाच, की येथे पेल्यावर आघात होत नाही, त्यातून एक अखंड, थंड स्वर निघतो.

या साऱ्या कोलाहलात मध्येच एक ओळखीची धून येते. वादक आपली वाद्ये जुन्या व्हायोल या वाद्यासारखी उभी धरतात आणि गज नेहमीच्या जागी न चालवता डाव्या हाताच्या बोटांच्या पलीकडे, खुंट्यांच्या बाजूस चालवतात. उमटणारा नाद पोकळ, कापरा, जणू कित्येक शतकांपलीकडून आलेला. ती धून शुबर्टच्या ‘मृत्यू आणि कुमारी’ या क्वार्टेटमधील आहे.

शुबर्टने हा क्वार्टेट मार्च १८२४ मध्ये लिहिला. वय सत्तावीस, आणि गंभीर आजाराची सावली पडलेली. त्याच्या दुसऱ्या भागासाठी त्याने स्वतःच्याच १८१७ मधील एका गीताचा आधार घेतला. त्या गीतात भेदरलेली मुलगी मृत्यूला दूर जाण्याची विनवणी करते आणि मृत्यू तिला शांत, जवळजवळ प्रेमळ स्वरात उत्तर देतो. क्वार्टेटमध्ये शुबर्टने उचलले ते मृत्यूचे संगीत. एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व अशी पावले टाकणारी ती संथ चाल आधी साधेपणाने येते, मग तिच्यावर एकामागून एक विस्तार होतात. कधी पहिले व्हायोलिन तिच्याभोवती हुंदके देते, कधी चेलो तिलाच आपले गाणे करून घेतो. पण मूळ पावले थांबत नाहीत.

आता या दोन रचना एकाच संध्याकाळी ठेवल्या तर क्रम कोणता असावा? शुबर्ट आधी वाजवला तर क्रम यांच्या रचनेत ती धून मोडतोड झालेल्या अवशेषासारखी भेटते. उलट ‘ब्लॅक एंजल्स’ आधी वाजवली तर मध्यंतरानंतर शुबर्टचा दुसरा भाग सुरू होताच श्रोत्याला कळते की याचे भूत आपण अगोदरच पाहिले आहे. जी चाल इतरवेळी सुंदर आणि उदास एवढीच वाटली असती, तिच्यामागे आता युद्ध उभे असते. दुसरा क्रम अधिक अवघड आणि अधिक परिणामकारक आहे. त्यात नवी रचना जुन्या रचनेचे ऐकणेच बदलून टाकते आणि तेही एका शब्दाच्या टिपणाशिवाय.

शुबर्टच्याच रचनेला आणखी एका दिशेने भिडण्याचे उदाहरण डेन्मार्कमधील डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटने घालून दिले. २०२१ पासून त्यांनी ‘डॉपेलगेंगर’ नावाचा उपक्रम हाती घेतला. शुबर्टच्या उत्तरकाळातील एकेका रचनेशेजारी तिला उत्तर देणारी एकेक नवी रचना, अशी चार मैफलींची योजना होती. ‘मृत्यू आणि कुमारी’च्या जोडीसाठी फिनलंडच्या लोटा व्हेनाकोस्की यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी आपल्या रचनेला डॅनिश भाषेत ‘पिगं’ हे नाव दिले. अर्थ साधा आहे, मुलगी. शुबर्टच्या त्या दुसऱ्या भागात मृत्यूचेच संगीत ऐकू येते; मग मुलीचे काय, हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांनी एका स्त्री रचनाकाराने विचारला. एकदा तो विचारला गेला की शुबर्ट ऐकताना ती अनुपस्थिती जाणवू लागते. जुन्या रचनेतील पोकळी नव्या रचनेने दाखवून दिली, यात जुन्याचा अवमान नाही. इतके बारकाईने ऐकणे हा सन्मानच आहे.

‘ब्लॅक एंजल्स’चा आणखी एक परिणाम झाला. १९७३ मध्ये सिअ‍ॅटल येथे डेव्हिड हॅरिंग्टन या तरुण व्हायोलिनवादकाने ही रचना रेडिओवर ऐकली आणि ती वाजवता यावी म्हणूनच त्याने क्रोनोस क्वार्टेटची स्थापना केली. क्रोनोसने पुढे सँडविचची कल्पनाच मोडीत काढली. हायडन-बीथोव्हेन वगळून बहुतांशी हयात रचनाकारांचे संगीत, निरनिराळ्या संस्कृतींतील संगीतकारांशी सहकार्य आणि हजाराहून अधिक नव्या रचना व रूपांतरे असा त्यांचा पसारा आहे. स्टीव्ह राइश यांनी १९८८ मध्ये त्यांच्यासाठी लिहिलेल्या ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये ध्वनिमुद्रित माणसांच्या बोलण्याचा चढउतार वाद्ये स्वरांत पकडतात. बालपणी अमेरिकेत आगगाडीने केलेले प्रवास आणि त्याच वर्षांत युरोपातील ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या, या दोन्ही त्यात समोरासमोर येतात. मराठी श्रोत्यांना मात्र क्रोनोसचे नाव अधिक परिचित झाले ते २००५ मधील राहुलदेव बर्मन यांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. त्यात आशा भोसले यांनी ही गीते नव्याने गायली आणि तबल्यावर झाकीर हुसेन होते. तिला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. ऑर्केस्ट्राचा भरगच्च बाज चार तंतुवाद्यांवर आणण्याची ती कसरत ऐकण्यासारखी आहे, जरी काही गीतांत मूळ चमचमाट हरवल्यासारखा वाटतो.

नवी रचना लिहवून घेणे खर्चाचे काम असते आणि पहिल्या सादरीकरणाची बातमीही होते. खरी अडचण दुसऱ्या सादरीकरणाची असते. एकदा वाजलेली रचना कपाटात जाते आणि इतर वादकांना तिच्या स्वरलिपीची प्रत मिळवणेही परवडत नाही. यावर उपाय म्हणून क्रोनोसने २०१५ मध्ये पन्नास नव्या रचनांचा एक उपक्रम जाहीर केला. त्यासाठी पंचवीस स्त्रिया आणि पंचवीस पुरुष निवडण्यात आले. झाकीर हुसेन यांचेही नाव त्यांत होते. विद्यार्थी आणि होतकरू क्वार्टेटसाठी या रचनांच्या स्वरलिपी इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यात आल्या.

आजारातून उठलेल्याचे आभारगीत

जुन्या-नव्याची गाठ मैफलीत कशी घालावी याचा अलीकडचा उत्तम नमुना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन रायडर या क्वार्टेटने दिला. ‘हीलिंग मोड्स’ या त्यांच्या उपक्रमाच्या केंद्रस्थानी बीथोव्हेनचा ऑपस १३२ हा क्वार्टेट होता आणि त्याच्याभोवती पाच रचनाकार स्त्रियांकडून लिहवून घेतलेल्या पाच छोट्या रचना.

बीथोव्हेन १८२५ च्या वसंतात आतड्याच्या विकाराने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर त्याने या क्वार्टेटचा तिसरा भाग लिहिला आणि त्यावर आजारातून उठलेल्याने ईश्वराला वाहिलेले पवित्र आभारगीत, लिडियन स्वरावलीत, असे शीर्षक दिले. लिडियन ही जुन्या चर्चसंगीतातील स्वरावली. तिचे स्वर आपल्या कल्याण थाटाचे, म्हणजे मध्यम तीव्र आणि बाकीचे शुद्ध. पण यमनच्या अपेक्षेने बसणाऱ्याला येथे यमन भेटणार नाही. कल्याणात मागे तानपुऱ्याचा षड्ज असतो आणि तीव्र मध्यमाला त्याच्या आधारावर निश्चित जागा मिळते. बीथोव्हेनच्या स्तोत्रात असा आधार नाही. चार वाद्ये संथ स्वरमेळांत एकत्र सरकतात आणि तीव्र मध्यमामुळे कान पुन:पुन्हा पंचमालाच षड्ज समजू पाहतो. घर कोणते, हेच निश्चित होत नाही. बरे झालो की नाही याची खात्री नसलेल्या माणसाची ही अवस्था आहे. मध्येच ‘नवे बळ जाणवते आहे’ अशा अर्थाची सूचना येते, लय नाचरी होते, स्वर घट्ट पायावर उभे राहतात. मग पुन्हा स्तोत्र. हा एकच भाग पाव तासाहून थोडा अधिक चालतो. तो लिहिणारा माणूस तेव्हा जवळजवळ पूर्ण बहिरा होता.

या केंद्राभोवती जमलेल्या पाच जणींत पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या कॅरोलाइन शॉ आणि डू युन होत्या, गॅब्रिएला लेना फ्रँक आणि मटाना रॉबर्ट्स होत्या, आणि भारतीय वंशाच्या रीना इस्माईल होत्या. इस्माईल यांनी पाश्चात्त्य रचनाशास्त्राबरोबरच भारतात येऊन हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास केला आहे. ही रचना लिहीत असतानाच, २०१८ मध्ये, त्यांच्या घशाला असा संसर्ग झाला की औषधे चालेनात आणि घोट गिळणेही कठीण झाले. गाणाऱ्या व्यक्तीला याहून मोठे भय नसावे. रचनेचे नाव पडले ‘झहर’. गळ्यात अडकलेले विष म्हटल्यावर मराठी श्रोत्याच्या मनात नीलकंठ उभा राहिला तर नवल नाही.

संगीताच्या अंगाने पाहता येथे एक गंमत घडते. क्वार्टेटची वाद्ये मींडेला अत्यंत अनुकूल आहेत. पडदे नसल्यामुळे बोट तारेवरून कुठूनही कुठेही सरकू शकते. पाश्चात्त्य वादकांना मात्र स्वर स्वच्छ, सुटा लावण्याचीच शिस्त लावली गेली. रागसंगीताच्या अंगाने लिहिलेली रचना त्यांना त्या शिस्तीच्या बाहेर नेते, आणि तेथून परतल्यावर बीथोव्हेनचे स्तोत्र वाजवताना दोन स्वरांमधील अंतराकडे त्यांचे आणि श्रोत्यांचेही लक्ष वेगळ्या प्रकारे जाते. ‘हीलिंग मोड्स’चे ध्वनिमुद्रण २०२० च्या मार्च महिन्यात बाहेर पडले. नेमकी त्याच सुमारास कोरोनाच्या साथीमुळे जगभरची सभागृहे बंद होत होती. आजार आणि बरे होणे हा विषय असलेली मैफल कित्येकांनी घरात कोंडलेल्या अवस्थेत ऐकली.

मुंबईतील गुरुवार

या साऱ्याशी मुंबईचा संबंध काय, असे कोणी विचारू शकेल. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये परदेशी क्वार्टेट येतात आणि २००६ मध्ये तेथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही उभा राहिला. पण या शहरातील क्वार्टेटचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. झुबिन मेहतांचे वडील एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. ते स्वतः जातिवंत क्वार्टेटवादक होते आणि पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवत.

त्यांचा एक सहकारी होता वॉल्टर कॉफमन. बोहेमियात जन्मलेला हा ज्यू संगीतकार हिटलरच्या उदयानंतर, १९३४ मध्ये, मुंबईत आला. काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफली होत. व्हायोलिनवर मेहता आणि पियानोवर किंवा व्हायोलावर कॉफमन. कॉफमन १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होता. आकाशवाणीच्या पहाटेच्या सुपरिचित संकेतधुनीचे श्रेय त्यालाच दिले जाते.

मुंबईत आल्यावर त्याने भारतीय संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या. ते संगीत त्याला परके आणि अनाकलनीय वाटले. पण लाखो माणसे ज्यावर प्रेम करतात ते अर्थशून्य असणे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि ते शिकण्यासाठीच येथे राहायचे ठरवले. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवताना त्याने उत्तर भारतीय रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतातील वास्तव्यात कॉफमनने स्ट्रिंग क्वार्टेटही रचले. मध्य युरोपची शिस्त आणि रागांची छाया त्यांत एकत्र नांदतात. त्या काळच्या मुंबईत ते शब्दशः ‘नवे संगीत’ होते. १९८४ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव घेणारे फारसे कोणी उरले नव्हते. हद्दपारीत विस्मरणात गेलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजवणाऱ्या टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांतील सातवा आणि अकरावा क्वार्टेट ध्वनिमुद्रित केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.